खिडकीपासून कपाटापर्यंत

मी जमीन आहे. शेताची नव्हे की गावाची नव्हे, एका घरातल्या पुढच्या खोलीची, विनाइलच्या पट्ट्यांची जमीन. मित्रांनो, तुम्ही माझ्यासारख्यांवर रोज चालता, लोळता, दूध सांडता आणि वर बघून छताला रंग कुठला द्यायचा ते ठरवता. खाली कोणी बघत नाही. म्हणून आज मलाच बोलावं लागतंय. पण जरा हळू बोलते. कारण माझ्याखाली आणखी एक जमीन आहे आणि ती सगळं ऐकते.

माझा जन्म कारखान्यात झाला. तापलेल्या रुळांमधून थरावर थर दाबला गेला. एका थरावर लाकडाचं चित्र छापलं आणि त्यावर काचेसारखा पारदर्शक थर चढवला. तुमच्या चपला, खेळणी, खुर्च्यांचे पाय हे सगळं तो थर झेलतो. माझ्या अंगावर झाडाच्या गाठी आहेत, रेषा आहेत, पण ते झाड मी कधी पाहिलेलं नाही. ते कुठे होतं, कोणी तोडलं, मला काही ठाऊक नाही. मी फक्त त्याची खूण वागवते.

दुकानात मी भिंतीला टेकून उभी होते, तेव्हा एक कुटुंब आलं. एक तरुण बाई, तिचा नवरा, तिच्या कडेवर रांगायला आलेली मुलगी आणि मागे काठी टेकत सासरे. सासऱ्यांना घरात सगळे आबा म्हणत. मुलीला म्हणत गुंडी. तिने एकदा बापाच्या सदऱ्याची गुंडी गिळली होती. गुंडी यथावकाश सुखरूप बाहेर आली, पण नाव मात्र आत राहून गेलं. आबा घरातल्या जुन्या गुळगुळीत लाद्यांवर दोनदा घसरले होते, म्हणून ही सगळी खटपट.

नवऱ्याला चकचकीत पट्ट्या आवडल्या. बाईने त्याला बाजूला केलं. तिने मला आडवं ठेवलं, नखाने ओरखडून पाहिलं, गुंडीच्या हनुवटीवरची लाळ बोटाने टिपून माझ्यावर फासली आणि त्यावर अंगठा ओढून बघितला. अंगठा घसरला नाही. वरचा पारदर्शक थर किती जाड, ओल्या फडक्याने पुसलं तर चालेल का, खालून ओल आली तर काय, असं तिने विचारून विचारून दुकानदाराच्या नाकी नऊ आणले. नवरा म्हणाला, लग्नाच्या वेळी माझी एवढी चौकशी केली नव्हतीस. ती म्हणाली, तेव्हा केली असती तर आज बरं झालं असतं. आबांनी एकच विचारलं. जुन्या लाद्या न उखडता ही वरून बसते का? दुकानदार म्हणाला, बसते, खालची जमीन सपाट असली की झालं.

मित्रांनो, नव्या घरात आलेल्या पट्ट्या लगेच जोडत नाहीत. त्यांना दोन दिवस त्याच खोलीत, खोक्यांतच आडवं ठेवतात, म्हणजे त्यांना तिथली हवा लागते. मला ती हवा लागली, तशी खालची थंडीही लागली. पुठ्ठ्यातून जुन्या लाद्यांचा गारवा माझ्यात शिरला. साधा गारवा नव्हता तो. दाराआड कोणीतरी श्वास रोखून उभं असावं आणि आपल्याला ते कळावं, तसं काहीतरी. खोलीत खिडकीपाशी शिलाई मशीन होतं, कापडाने झाकलेलं. समोरच्या भिंतीला एक अवजड लाकडी कपाट होतं. मधे आबांची खुर्ची. मशीन आणि कपाट आबांच्या बायकोचं. ती शिवणकाम करायची. शिवून झालेला कपडा कपाटात टांगायची, मग पुढचा हातात घ्यायची. ती जाऊन वर्ष होत आलं होतं. मशीनवरचं कापड मात्र रोज झटकलं जायचं.

मग मला जोडायला मिस्त्री आला. गुडघ्यांना जाड गाद्या बांधलेला, कामाच्या घाईतला माणूस. त्याने हातोडीच्या दांड्याने लाद्या ठोकून पाहिल्या. बऱ्याचशा भरीव वाजल्या, पण काही जागी आतून रिकाम्या मडक्यासारखा आवाज आला. या काढून खाली भर घालू, असं तो म्हणाला. आबांनी काठी मधे धरली. या लाद्यांना छिन्नी लागणार नाही, हिच्या पायाखालच्या आहेत. बरं, मग कपाट तरी हलवू. तेही नाही. आत तिने टांगलेले कपडे तसेच होते. मिस्त्रीने मान हलवली आणि कपाटाच्या पायांभोवती मला कापून घट्ट बसवलं. शेवटी भिंतीची वेळ आली. कडेला बोटभर फट ठेवावी लागते, कारण विनाइल उन्हाळ्यात फुगतं, असं तो सांगू लागला. तेव्हा गुंडीच्या आईने कानावर हात ठेवले. फट दिसली की गुंडीचं बोट तिच्यात जाणार आणि फटीत जे काही असेल ते तोंडात जाणार. फट नको. मिस्त्रीने पुन्हा एकदा सांगून बघितलं, मग घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, घर तुमचं, ताई. मला थेट भिंतीला भिडवलं. कडेची स्कर्टिंगची पट्टी ठोकताना खिळे माझ्या अंगातूनच गेले.

कोणी वाईट वागलं नव्हतं, मित्रांनो. आबांनी आपलं काही जपलं होतं, आईने आपलं. मी मात्र चारी बाजूंनी बांधली गेले.

सुरुवातीचे महिने कौतुकाचे होते. थंडीचे दिवस. आबांचे तळवे माझ्यावर गारठत नसत. गुंडी माझ्यावर रांगायला शिकली. तिची आई मला घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसायची, कधी बादली ओतली नाही. जुन्या कोटाचे गोल तुकडे कापून तिने खुर्चीच्या पायांखाली चिकटवले, म्हणजे मला ओरखडे पडू नयेत. घरी येणारा प्रत्येक जण वाकून विचारायचा, खरं लाकूड का हो? मी फुलून जायचे. पण सगळे आपापल्या कामाला गेले की मला खालचा तो गारवा जाणवायचा. त्याचं काहीतरी थांबलं होतं, आणि ते पुन्हा सुरू व्हायची तो वाट बघत होता.

उन्हाळा आला.

त्या दुपारी घरात सामसूम होती. आबा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. गुंडी माझ्यावर पालथी होती. आई आत भांडी घासत होती. आणि खिडकीपाशी माझ्यावर एक पाऊल पडलं.

टक्.

मी माणसं तळव्यांवरून ओळखते. या पावलाला तळवाच नव्हता. वजन नव्हतं, ऊब नव्हती. आणि मित्रांनो, ते वरून पडलं नव्हतं. ते खालून आलं होतं.

मग सर्र... असं काहीतरी घासत गेलं. बऱ्याच वेळाने पुन्हा टक्. पुन्हा सर्र. एका पावलानंतरचं दुसरं इतकं सावकाश, की ऐकणाऱ्याला वाटावं, आता नाही येत. आणि मग ते यायचं. ते खिडकीपासून निघालं, आबांच्या खुर्चीजवळून पुढे गेलं आणि कपाटाशी थांबलं. कपाट थरथरलं. त्याचं दार कोणी आतून ढकलावं तसं बोटभर उघडलं.

गुंडीने मान वर केली होती. रिकाम्या जागेकडे बघत तिची नजर पावलापावलाने पुढे सरकत होती. मग ती रांगत कपाटापर्यंत गेली, बसली आणि उचलून घे म्हणून दोन्ही हात वर केले.

आई दारात उभी होती. हातात साबणाचा फेस तसाच. तिला ती चाल ओळखायला वेळ लागला नाही. सासूबाईंचा एक गुडघा धरलेला असायचा. एक पाय पूर्ण टेकायचा आणि दुसरा ओढायचा. सासूबाई होत्या तोवर रोज दिवसभर आतून तिने हेच ऐकलं होतं. तिने गुंडीला झडप घालून उचललं. आबांनी डोळे उघडले नाहीत. नुसतं म्हणाले, "ऐकलंस ना?"

ती गुंडीला घेऊन आत गेली.

त्यानंतर ते रोज होऊ लागलं. मुलाने वडिलांना समजावलं की नवी जमीन बसायला वेळ घेते, लाकडासारखी कुरकुरते, घाबरण्यासारखं त्यात काही नाही. पण सुट्टीच्या दिवशी दुपारी त्याच खोलीतून चार्जर आणायची वेळ आली, तेव्हा तो गुंडीला कडेवर घेऊन गेला. सोबत म्हणून. बायकोने विचारलं, तू तिला सांभाळायला नेलंस की ती तुला सांभाळायला आली?

आबांना सोबत नको होती. ते दुपार व्हायच्या आत केस विंचरत, धुतलेला सदरा घालत आणि खुर्चीत येऊन बसत. पावलं आली की हळू आवाजात बोलत. ते काय बोलत हे मी ऐकलं आहे, पण तुम्हाला सांगणार नाही. एवढंच सांगते, की वर्षभर ज्या माणसाने "हो", "नाही" आणि "भूक नाही" याखेरीज काही म्हटलं नव्हतं, तो माणूस बोलत होता. जेवूही लागला होता.

माझं मात्र दुखत होतं. मला पसरायचं होतं आणि पसरायला जागा नव्हती. इकडे भिंत, तिकडे कपाट, कडेने खिळे. शेवटी खोलीच्या मध्यावर माझे सांधे वर उचलले गेले. मला कुबड आलं.

गुंडीच्या आईला ते पुसताना हाताला लागलं. मिस्त्रीला बोलवायचं तिने काढलं, तसे आबा एक घाव दोन तुकडे करून मोकळे झाले. मी आहे तोवर या जमिनीला कोणी हात लावायचा नाही. तिने विषय सोडला. पण त्या दुपारी गुंडीला थोपटत ती माझ्यावर आडवी झाली आणि तिने कान माझ्यावर टेकला. पहिलं पाऊल पडलं तेव्हा तिच्या अंगावर काटा आला, हे मला तिच्या गालातून कळलं. पण ती हलली नाही. तिने बघितलं, की खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा माझ्यावर पसरतोय आणि पावलं त्याच्या मागोमाग येताहेत. ढगाळ दिवशी ती आली नव्हती, हेही तिला आठवलं असावं.

ती उठली, खिडकीशी गेली आणि तिने पडदा ओढला.

खोली अंधारली. पुढचं पाऊल आलं नाही. सगळं घर कान देऊन थांबल्यासारखं झालं. मेलेल्या बाईला खोलीच्या मधोमध उभं करून ती पडदा धरून उभी होती.

आबांनी डोळे न उघडताच विचारलं, "का गं थांबलीस?"

ते तिला नव्हतं विचारलेलं. तिने पडदा हळूच बाजूला केला. ऊन आत आलं. बराच वेळ काही झालं नाही. मग, टक्. सर्र... पावलं कपाटाकडे निघाली.

"दमली असेल," आबा पुटपुटले.

तिने कोणालाच काही सांगितलं नाही. कसं सांगणार? एका माणसाची बायको आपण एकदा पडद्याने थांबवली, आता फट ठेवून कायमची थांबवू, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? ती फक्त दुपारभर डोळ्यांत तेल घालून आबांवर लक्ष ठेवू लागली. कारण आबा आता नुसते बसत नव्हते. पावलं आली की तेही उठत, हात किंचित पुढे धरून काठीशिवाय त्या पावलांबरोबर चालत. गुंडी त्यांच्या पायांत रांगत असे. आणि वाटेत माझं कुबड होतं.

व्हायचं ते झालं. आई दूध उतू जाऊ नये म्हणून क्षणभर आत गेली. आबांचा अंगठा माझ्यात अडकला. ते माझ्यावर आदळले ते वजन मी अजून विसरलेले नाही. गुंडीचं डोकं त्यांच्या खांद्यापासून वीतभर लांब होतं. ती रडलीसुद्धा नाही. कपाटाकडे बघत बसली होती.

आबांच्या मनगटाला प्लास्टर बसलं. डॉक्टरांकडून आल्यावर ते खुर्चीत न बसता आतल्या पलंगावर बसून राहिले. त्या संध्याकाळी सुनेने त्यांच्यापुढे बसून सगळं सांगितलं. ऊन, फट, खिळे, पडदा. आबा ऐकत होते. मधलं दार उघडं होतं आणि मीही ऐकत होते.

"म्हणजे तेव्हा तू थांबवली होतीस."

"हो, आबा."

"आणि परत चालूही तूच केलीस."

"हो."

त्यांनी प्लास्टरचा हात मांडीवर घेतला. मग म्हणाले, "बोलाव मिस्त्रीला. पोरगी चिरडली असती माझ्याखाली."

मिस्त्री आला. या वेळी कपाट रिकामं केलं गेलं. कपडे सुनेने स्वतः काढले, टांगलेले तसेच, चुरगळू न देता. खिळे उपटले. माझी एकेक पट्टी खाचेतून सोडवून भिंतीला टेकवली. आणि त्या उघड्या खोलीत, पहिल्यांदाच, मी माझ्या खालच्या जमिनीला समोरून पाहिलं. साध्या राखाडी लाद्या होत्या. इतके दिवस मी ज्यांना भीत होते त्या याच.

मिस्त्री गुडघ्यांवर बसून पुन्हा दांड्याने ठोकत निघाला. या वेळी त्याने पोकळ वाजेल त्या लादीवर खडूने फुली मारली. खिडकीशी एक. तिच्यापुढे एक. आणखी पुढे एक. सगळ्या खुणा झाल्यावर तो उठला, मागे सरकून बघत राहिला. फुल्यांची एक ओळ खिडकीपासून निघून कपाटापाशी संपत होती. दोन फुल्यांमधलं अंतर सगळीकडे सारखंच, एका माणसाच्या ढांगेएवढं. आणि ओळीच्या एका अंगाने लाद्यांची झिलई गेलेली होती. एक लांब फिकट रेघ, काहीतरी ओढत नेल्यासारखी.

"इथून कोणी रोज चालायचं का हो?" त्याने विचारलं. त्याला कोणी काही सांगितलेलं नव्हतं.

सून त्या ओळीकडे बघत होती. मलाही तेव्हाच उमगलं. मी भरीव लाद्यांवरून सरकत होते तेव्हा सर्र वाजत होतं, आणि पोकळ लादीवर आले की दबून टक् होत होतं. ती पोकळी उन्हाने केलेली नव्हती. एका जड पावलाने, एकाच वाटेने, कपडा हातात धरून जन्मभर जाऊन जाऊन त्या लाद्या खालून सोडवल्या होत्या.

सून आबांजवळ गेली. "चालवत ऊन होतं, आबा," ती म्हणाली, "पण पावलं आईंचीच होती."

आबा खाली बसले. म्हातारी माणसं बसतात तसे, आधी हात, मग गुडघा. चांगला हात त्यांनी पहिल्या फुलीवर ठेवला, मग सरकत दुसरीवर, मग तिसरीवर. मिस्त्री खिडकीबाहेर बघत उभा राहिला. कपाटापर्यंत जाऊन आबा परत फिरले आणि खिडकीजवळच्या लादीवर तळवा ठेवून म्हणाले, "बाकीच्या भर. ही एक राहू दे."

मिस्त्री म्हणाला, तिथला सांधा लवकर जाईल. सून म्हणाली, जाऊ दे, तेव्हा बदलू.

बाकीच्या लाद्या काढून खाली भर घातली, पुन्हा बसवल्या आणि वाळू दिल्या. मग मला परत जोडलं. भिंतीकडेने बोटभर फट सोडली, कपाटाच्या पायांभोवतीही. स्कर्टिंग आता भिंतीला ठोकली आहे, माझ्यात नाही. फट तिच्याखाली झाकून गेली आहे. गुंडीने दोन दिवस तिथे बोट घालून बघितलं आणि नाद सोडला. माझं कुबड गेलं. मी सपाट आहे, मोकळी आहे. उन्हाळ्यात पसरते, थंडीत आवरते, आणि कोणाला कळतही नाही.

मित्रांनो, आमची फार मागणी नसते. आम्हाला पाण्यात बुडवू नका, पिळलेलं फडकं पुरे. खुर्च्यांच्या पायांना मऊ काहीतरी लावा. आम्हाला बसवायच्या आधी खालची जमीन नीट बघा, कारण तिच्यात जे असेल ते आमच्यातून वर येतं. आणि कडेला थोडी जागा सोडा. जिवापाड जपायचं म्हणून चारी बाजूंनी आवळू नका. आवळलेलं कुठेतरी वर येतंच, आणि त्याला अडखळून पडतं ते आपलंच माणूस.

आणि तरीही तुमच्या घरात एखादी पट्टी रोज दुपारी एकाच जागी वाजत असेल, तर लगेच तिच्यावर चिडू नका. इथे कोणाचा वावर होता, ते आधी घरातल्यांना विचारा.

आमच्या घरात ती एक वाजते. आबांनी आपली खुर्ची आता मशीनजवळ ओढून घेतली आहे. मशीन आणि खुर्ची यांच्या मधे एका माणसाला उभं राहता येईल एवढीच जागा उरली आहे. तिथे कोणाचा पाय पडत नाही. दुपारी ऊन आलं की तिथे एकदा टक् होतं. आबा मान वळवून बघतात, हसतात आणि डोळे मिटतात. गुंडी आता चालते, पण त्या जागेवरून कधी जात नाही, वळसा घालून जाते. तिला असं कोणी शिकवलेलं नाही.

मी कान देऊन असते. सर्र होत नाही. पुढचं पाऊल येत नाही. ती येते. पण तिला परत जाताना मी अजून ऐकलेलं नाही.